मजुरीच्या करारावर नजर कुणाची?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की नातेपुते-अकलूज रस्त्यावर तुमची एसटी उसाच्या ट्रॉलीमागे रखडते. तेव्हा खिडकीतून जरा फडाकडे बघा. तो ऊस तोडतोय. ती मोळ्या बांधतेय, डोक्यावरून गाडीपर्यंत नेतेय. हिशेबात मात्र दोघं मिळून एकच ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायला बहुतेक वेळा नवराच पुढे. तिची मजुरी किती, हे वेगळं लिहिलेलंच नसतं.

हा दर ठरतो साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटनांच्या करारात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली. संघटना भांडल्या म्हणूनच ती मिळाली, हे मान्य करायलाच हवं. पण वाढ झाली प्रतिटन दरात. तिचा वाटा तिच्या हातात पडणार कसा, हा प्रश्न तसाच राहिला.

संघटनेने सही केली म्हणजे बाईला न्याय मिळालाच, असं नसतं. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. ऑड्रे डिकोस्टा यांनी दाद मागितली, तेव्हा कंपनीने युनियनशी झालेल्या कराराकडे बोट दाखवलं. सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये हा बचाव फेटाळला. समान वेतनाचा 1976 चा कायदा करारापेक्षा वरचढ ठरला. इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो नगरपालिकेच्या महिला कर्मचाऱ्यांनी तर स्वतःच्याच जीएमबी युनियनला कोर्टात खेचलं. बाकीच्यांचे पगार सांभाळताना युनियनने त्यांच्या मागच्या थकबाकीवर पाणी सोडलं होतं. 2008 मध्ये त्या जिंकल्या.

पण दरवेळी बाईनेच वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या का झिजवायच्या? महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात युनियनच्या अनुचित प्रथांची यादी आहे. तिच्यात बेकायदा संप आहे, घेराव आहे. करारात महिला सभासदांना डावलणं मात्र नाही.

म्हणून समान वेतनापुरती तरी स्वतंत्र तपासणी हवी. लगाम सरकारच्या किंवा कारखानदाराच्या हाती गेला तर संघटना मोडायला निमित्तच मिळेल, ही भीती खरी आहे. त्यामुळे हे काम औद्योगिक न्यायालयासारख्या तटस्थ यंत्रणेकडेच द्यावं. करार लागू होण्याआधी तिने एवढंच बघावं : एकाच कामाला दोन दर आहेत का? बाईचं काम कुणाच्या नावाखाली लपलंय का? आणि युनियनच्या चिठ्ठीशिवाय कुठल्याही बाईला तिथे थेट तक्रार करता यावी.

उद्या तुमच्यातलं कुणी बँकेत लागेल, कुणी एमआयडीसीत. युनियनचे सभासद जरूर व्हा. एकट्याचं कुणी ऐकत नाही. फक्त नवा करार हातात आला, की आपल्या पगाराचा आकडा बघून थांबू नका. शेजारच्या टेबलावर तेच काम करणारीला किती मिळणार, तेही वाचा. फरक दिसला तर पहिला प्रश्न आपल्याच युनियनच्या मीटिंगमध्ये विचारा.