वर्गणीला दोष कशासाठी?

मा. संपादक,

हिंगोली जिल्हा रुग्णालयासाठी लोकवर्गणीतून हृदयतपासणीची यंत्रे घेणे म्हणजे शासनाला जबाबदारीतून मोकळे करणे, हे आपल्या लेखातील मत एकांगी आहे; शासकीय रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांना देणगी स्वीकारण्याची मुभा शासनानेच दिली आहे.

‘ईसीजी असताना इको कशाला?’ हा प्रश्न तर मुळातच चुकीचा आहे, कारण ईसीजी हृदयातील विद्युत्-क्रियेचा आलेख काढतो, तर इको, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली तपासणी, झडपांची प्रत्यक्ष हालचाल दाखवते, आणि संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप केवळ आलेखावरून निश्चित ओळखता येत नाही. तपासणी करणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि यंत्राची वार्षिक देखभाल यांची लेखी हमी वर्गणीपूर्वीच घ्यावी, एवढाच लेखातील आक्षेप ग्राह्य आहे. तो वर्गणी थांबवण्याचे कारण ठरत नाही.

एक वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)