ओरिजिनल म्हणे!

“एव्हरीथिंग ओरिजिनल,” असं तो माणूस माईकवर बोलला. डोक्यावर गोऱ्या साहेबाची टोपी, गळ्यात रेशमी रुमाल, मागं बँड. लोकांनी टाळ्या पिटल्या. फियाट अकराशे, पन्नास वर्षांवरची, अंगावर तोंड दिसेल असा रंग. दोरीच्या अलीकडं मी उभा होतो आणि माझ्या बाजूला मामा उभा होता. त्या गाडीचा कमरेखालचा सगळा पत्रा मामानं केलाय. दोन्ही दारांखालच्या पट्ट्या, तीन मडगार्डांच्या कडा, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, डिकीचा तळ. दोरीच्या आत जायला पास लागत होता. मामाकडं पास नव्हता.

दोस्तहो, मी मार्केट यार्डात पोती उचलतो. त्याआधी दोन वर्षं मुंबईच्या गोदीत उचलली. शिक्षण मॅट्रिक, धंदा हमाली, व्यसन कविता. मला शौकिनांच्या मोटारींशी काय देणंघेणं? काही नाही. पण पहाटे ट्रक खाली झाले की दुपारी हात मोकळे असतात, आणि मागच्या गल्लीत मामाची पत्र्याची शेड आहे. तिथं मी ग्राइंडर धरायला जातो. मामा बहात्तरच्या दुष्काळात बापाच्या खांद्यावर बसून मराठवाड्यातनं पुण्यात आला. शाळेचं तोंड फार पाहिलं नाही. नाना पेठेतल्या गॅरेजात पोऱ्या म्हणून लागला, तो पत्र्याचा मिस्त्री होऊनच बाहेर पडला.

ही गाडी शेडमध्ये आली तेव्हा वरून चकाचक होती. मामानं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पट्टीला टोचला. आरपार. लाल भुगा असा सांडला की मला वाटलं मिरचीचं पोतं फाटलं. आधी कुणीतरी सडक्या पत्र्यावर बोटभर लांबी थापून वरून रंग मारला होता. लांबी पाणी पिते. रंगाला एक चीर गेली की खालचा पत्रा गुपचूप कुजत राहतो.

“गंज भायेरून येत नसतो रं,” मामा म्हणतो. “ही पट्टी म्हंजी बंद पेटी. तळाला पाणी जायाला भोकं असत्यात, ती चिखलानं बुजत्यात. मंग पाणी आतच बसतंय. भायेर फोड दिसला तवर आतला खेळ खल्लास.”

आता हे काम काय असतं ते नीट ऐका, कारण टाळ्या पिटणाऱ्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. पट्टी कापली की गाडी मधून खचते आणि दार पुन्हा जन्मात बसत नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे टेकू वेल्ड करायचे. मग कापायचं. किती? गंज दिसतो तेवढं नाही. चांगल्या, चकाकणाऱ्या पत्र्यात दोन बोटं आत जाऊन कापायचं. इथं ज्याची छाती कचरते त्यानं हे काम करू नये. मग पुठ्ठ्याचा नमुना, त्यावरून वीस गेजचा नवा पत्रा. जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही. तो ठोकून ठोकून जुन्या वळणात आणायचा. कड कडेला भिडवायची, एकावर एक चढवायची नाही. चढवली की त्या फटीत पाणी बसतं आणि चार पावसाळ्यांत तोच खेळ पुन्हा.

आणि मग टाके. एक इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा मधे. सलग ओढत गेलात तर पत्रा तापून पापडासारखा उसळतो. टाका मारायचा, थांबायचं, तळवा लावून बघायचं, निवला की पुढचा. अशी एक पट्टी जोडायला अख्खा दिवस जातो. माझी आई गोधडीला टाके घालते, मामा पत्र्याला. शब्द तोच. पण आईचा टाका दिसला तर बाया कौतुक करतात आणि मामाचा टाका दिसला तर मालक पैसे कापतो. म्हणून मामा स्वतःच्या हातानं स्वतःचे टाके घासून सपाट करतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग. मामा गायब.

रात्री मामाच्या डोळ्यांत वाळू भरते. काच धरून काम करतो, पण टाका नेमका बसवायला काच क्षणभर बाजूला घ्यावी लागते, आणि तेवढा उजेड पुरतो. मामी बटाट्याच्या चकत्या करून डोळ्यांवर ठेवते. बटाटा मीच यार्डातून नेतो.

गाडी तयार झाली तेव्हा मालक आला. मामाच्या मोबाईलमध्ये कापलेल्या पट्टीचे, सडक्या फ्लोअरचे फोटो होते. मामानं हौसेनं दाखवले. मालकाचा चेहरा उतरला. समोर उभं राहून एकेक फोटो पुसायला लावला. पैसे दिले, बुडवले नाहीत. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल हमाल खोटं लिहितो.

फोटो का पुसले? कायदा वाचा. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि बॉडीत, चासीत, इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. आता जुन्याच मापाचा, जुन्याच वळणाचा पत्रा घालणं हा फेरबदल की दुरुस्ती? मी म्हणतो दुरुस्ती. पण मालकाला कुणाशी वाद नको असतो. त्याला ‘मूळ’ हवं असतं. ‘शुद्ध’. या देशात हा शब्द ऐकला की आमचे कान उभे राहतात, बाबांनो. शुद्ध राहायचं असेल तर कुणाचा तरी हात लपवावा लागतो. देऊळ बांधणाऱ्याला देवळात मज्जाव होता, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

आणि कष्टकऱ्याच्या गाडीला काय न्याय? मुंबईच्या टॅक्सीचं आयुष्य कायद्यानं 20 वर्षं. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून हटली. याच फियाटची धाकटी बहीण, कुर्ल्याच्याच कारखान्यातली. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवायचे, तिथून ‘गोलपिठा’पर्यंत आले. त्या काळी-पिवळीसाठी वर्तमानपत्रं दोन दिवस गहिवरली आणि विसरली. विसाव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली तीस वर्षं गाडी ठेवायची कुठं? तिला छप्पर लागतं. छप्पर कुणाकडं असतं?

कुणी म्हणेल, मजुरी घेतली, अजून काय पाहिजे? ऐका. आम्हा हमालांना 1969 च्या माथाडी कायद्यानं निदान नोंदवही दिली. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पाठीवरच्या ओझ्याला हिशेब लावायला शिकवलं. कुणी किती उचललं ते लिहिलं जातं. पत्र्याच्या मिस्त्रीचं काय लिहिलं जातं? जगातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेनं, फिवानं, ‘तुरीन सनद’ केली. तिच्यात म्हटलंय की गाडीवर केलेलं काम नोंदवून ठेवा. तिकडं दुरुस्तीची वही गाडीबरोबर फिरते. आणि इकडचे हे शौकीन तिकडून टोपी आणतात, रुमाल आणतात, वही तेवढी आणत नाहीत.

वही पाहिजे. कोणता पत्रा कापला, किती कापला, कोणत्या साली, कुणाच्या हातानं. गाडीच्या कागदांत ती वही आणि दोरीच्या आत मामाला पास. एवढंच. गाडी त्यांचीच राहू द्या, आम्हाला नको. आणि आपल्यातली जी पोरं त्या बॉनेटला टेकून सेल्फी काढत होती, त्यांनी एकदा वाकून पट्टीच्या खालून हात फिरवून बघा रे. जोड लागतो का बघा. नाही लागणार. मामाचा नाही लागत.

गेल्या आठवड्यात शेडमध्ये दुसरी गाडी आलीय. पट्ट्या कापून झाल्या. पेटी बंद करायच्या आधी मामानं जुन्या बाजारातनं आणलेले अक्षरांचे पंच काढले आणि नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ठोकायला लागला. मामाला अक्षरं नीट येत नाहीत. म्हणून मी एकेक पंच हातात देत गेलो. आधी नाव, मग साल. मग त्यानं पट्टी चढवली आणि मला म्हणाला, “काच धर.”