जुनी जीप आणि निदानाची शिस्त

धानाचा चुरणा आटोपून पोतीं हलविण्याची वेळ आली, म्हणजे आरमोरी तालुक्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांस आपल्या जुन्या जीपगाडीची आठवण होते. पावसाळाभर ती छपराखालीं उभी असते आणि ऐन कामाच्या दिवशीं किल्ली फिरविली तरी जागची हालत नाहीं. मग चार माणसें तिला ढकलूं लागतात, पांचवा 'बॅटरी गेली' असा निवाडा देतो, आणि सायंकाळपर्यंत नवी बॅटरी विकत येते. आठ दिवसांनीं गाडी पुन्हां अडते. या रीतीनें शेतकऱ्याचा कष्टाचा पैसा वायां जात आहे. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, दोष कोठें आहे हें शोधण्याचें पहिलें काम मालकानें स्वतः करावें. मिस्त्रीस मोबदला द्यावा तो दुरुस्तीचा, अंदाजाचा नव्हे.

जुनी गाडी टाकून नवी कां घेऊं नये, असें शहरांतील मनुष्य विचारील. महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून जीपगाडी या देशांत प्रचारांत आणली. तिच्यामागून आलेल्या डिझेल गाड्या, विशेषतः प्यूजो बनावटीचें इंजिन असलेली एमएम ५४०, यांचा गुण असा कीं, बांधीकडील चिखलाच्या वाटेवर जेथें दुसरी गाडी रुतते तेथें त्या चारही चाकांच्या बळानें निभावून जातात, आणि त्यांचे बहुतेक भाग साध्या पान्यानें खोलतां येतात. शिवाय आमच्या भागांत गाडी वेळेवर सुरू होणें ही केवळ सोयीची गोष्ट नाहीं. वडसा वनविभागांत ऑक्टोबर २०२२ मध्यें जो वाघ पकडला गेला त्यानें १३ माणसांचे प्राण घेतले होते. २०२१ सालीं जिल्ह्यांत रानटी हत्तींचा कळप शिरला. दिवेलागणीस जंगलाच्या वाटेवर अडून बसलेली गाडी, किंवा रात्रीं बाळंतिणीस गडचिरोलीस न्यावयाचें असतां न हलणारी गाडी, म्हणजे काय संकट, हें वाचकांस सांगावयास नको.

धान पिवळें दिसतांच युरियाचें पोतें फोडणाऱ्या शेतकऱ्यास आपण जाणता म्हणत नाहीं. कारण पिवळेपणा नत्राच्या उणिवेनें येतो तसा जस्ताच्या उणिवेनेंही येतो. गाडीचेंही तसेंच आहे. लक्षण एक, कारणें अनेक. म्हणून पान्यास हात घालण्यापूर्वीं किल्ली फिरवून नीट पाहावें व ऐकावें. इंजिन मुळींच फिरत नाहीं, कुंथत फिरतें, कीं चांगलें फिरूनही पेट घेत नाहीं? पहिल्या दोहोंत दोष बहुधा विजेच्या मार्गांत असतो. तिसऱ्यांत, डिझेल गाडी असेल तर, बहुधा इंधनाच्या मार्गांत.

प्रथम विजेचा मार्ग घेऊं. पुढील दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे पार विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचें टोक सैल अगर गंजलेलें आहे. दिवे जसेच्या तसे राहिले व स्टार्टर हलला नाहीं, तर वीज त्याच्या पोटांत शिरतच नाहीं. अशा वेळीं किल्ली, सोलेनॉइड, मधल्या तारा व स्टार्टरचे कार्बन पाहावे. १२ व्होल्टची बॅटरी कांहीं तास विसावल्यावर मीटरवर सुमारें १२.६ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली आहे, १२.२ व्होल्टला ती जवळजवळ अर्धीच उरली असें समजावें.

परंतु बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर कुंथत असेल, तर ज्या भागाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं तो पाहावा. तो म्हणजे इंजिन व चासी यांस जोडणारी अर्थची पट्टी. इंजिन रबराच्या बैठकीवर बसविलेलें असतें. म्हणून विजेला परत येण्यास ही पट्टीच मुख्य वाट. रोवणीच्या दिवसांतला चिखल तिच्या बोल्टांत साचून गंज चढला, कीं वीज ॲक्सिलरेटरच्या तारेसारखी आडवाट धरते आणि ती तार तापूं लागते. परीक्षा सोपी आहे. गिअर काढून, जाड जोडतारेनें बॅटरीचें ऋण टोक थेट इंजिनाच्या उघड्या धातूस जोडावें. स्टार्टर जोमानें फिरला, तर बॅटरी निर्दोष व अर्थची जोडणी दोषी. ती खोलून, घासून, आवळून बसविण्यास घरचे श्रम पुरतात.

आतां इंधनाकडे वळूं. डिझेल गाडीचा धूर हा मोठा भरंवशाचा साक्षीदार आहे. स्टार्टर फिरत असतां मागील नळींतून पांढरा धूर येत असेल, तर तेल आंत जात आहे पण पेटत नाहीं; हीटर प्लग थंड आहेत किंवा इंजिनाचा दाब घटला आहे. धूर मुळींच नसेल, तर तेल पोंचत नाहीं. टाकी, गाळणी, तेल बंद करणारी कळ व नळींत शिरलेली हवा हीं क्रमानें पाहावीं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या तेलांत पाणी उतरतें. तें गाळणीच्या तळांतून सोडावें आणि हातपंपानें हवा काढावी. जुन्या पेट्रोल जीपचा प्लग काढून पाहावा. ओला असेल तर बहुधा ठिणगीचा दोष, कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं.

दोन गोष्टींचा मात्र आम्ही निषेध करितों. स्टार्टरचीं टोकें पेंचकसानें जोडून गाडी सुरू करण्याची खोड प्राणघातक आहे. जुन्या गाडींत गिअर पडलेला असतांही स्टार्टर फिरतो, आणि चार चाकांच्या मंद गिअरांत तर तो एकटाच गाडी पुढें लोटतो. तिच्यापुढें वांकलेल्या माणसास हटण्यास अवधि मिळत नाहीं. दुसरी गोष्ट, हवेच्या नळींत ईथरचा फवारा मारणें. तापलेल्या हीटर प्लगावर तो अवेळीं भडकून पिस्टन फुटूं शकतो. ढकलून गाडी सुरू करण्यास आमचा विरोध नाहीं. पण जिच्यांत तेलच पोंचत नाहीं ती गाडी गांवभर ढकलून काय उपयोग?

हें काम मिस्त्रीचें, शेतकऱ्याचें नव्हे, असा आक्षेप कोणी घेतील. तेलाचा पंप खोलणें, इंजिन उघडणें हें मिस्त्रीचेंच काम होय, यांत वाद नाहीं. परंतु बैल रवंथ करीत नाहीं एवढें पाहून जो त्याचें दुखणें ताडतो, त्याला धुराचा रंग ओळखणें अवघड कां वाटावें? दोष नेमका सांगणाऱ्या मालकापुढें मिस्त्रीही नेमकेंच काम करितो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. संस्थेनें एक मीटर, बॅटरीचें पाणी तपासण्याची नळी, तपासणीचा दिवा व जाड जोडतारांची एक जोडी विकत घेऊन सभासदांस पाळीपाळीनें वापरावयास द्यावी. आणि धानकापणीपूर्वीं एक दिवस आरमोरीस एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून हीं सर्व परीक्षणें प्रत्यक्ष गाडीवर करवून दाखवावीं. हा खर्च फार नाहीं. सभासदांनीं येत्या सभेंत हा विषय अवश्य मांडावा, आणि तोंवर ज्यांच्या गाड्या छपराखालीं उभ्या आहेत त्यांनीं निदान अर्थच्या पट्टीचा बोल्ट आजच खोलून पाहावा.