पोच खोटी नको

जन्मभर मराठी शिकवलं आणि आता वाचतोय डेटा सेंटरमधल्या साठवणुकीबद्दल. म्हातारपणी हे कसले चाळे, असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे!

पण एका युक्तिवादाची मला भयंकर चीड येते. "आता सगळी साठवण फ्लॅशची, म्हणजे वेगवानच. मग मध्ये राइट कॅश आणि तिच्यामागे बॅटऱ्यांचा खर्च कशाला?"

अहो, फ्लॅश वाचायला चपळ आहे, लिहायला तितकी नाही. लिहिलेलं खोडून तिथल्या तिथे दुसरं लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. २०२३ साली ६१.४४ टेराबाइटची क्यूएलसी ड्राइव्ह आली. तिच्या एकेका पेशीत ४ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या १६ पातळ्या अचूक सांभाळायच्या. क्षमता वाढते, लिहिणं मंदावतं. शिवाय तिचा हिशेब १६ किलोबाइटच्या तुकड्यांत चालतो. बदलायचे ४ किलोबाइट असले तरी १६ पुन्हा लिहायचे, आणि झीजही तेवढी जास्त. म्हणून बारीकसारीक नोंदी आधी कॅशमध्ये गोळा करून मग एकगठ्ठा फ्लॅशवर उतरवायच्या. आपल्या वाण्याची कीर्द आणि खतावणी, दुसरं काय!

आता खरा मुद्दा. कीर्दीत नोंद होताच यंत्र "लिहिलं" अशी पोच देतं. ती कीर्द साध्या डीरॅमवर असेल आणि त्याच क्षणी वीज गेली तर? नोंद गेली, पोच मात्र देऊन बसलात. ती नोंद कुणाच्या पेन्शनची असेल, कुणाच्या बारावीच्या गुणांची असेल. यंत्र सावकाश चाललं तर माणूस थांबेल, कुरकुर करेल. पण "लिहिलं" म्हणून सांगितलेली नोंदच नाहीशी झाली, तर त्याने दाद कशाच्या जोरावर मागायची?

म्हणून कॅशमागे बॅटरी किंवा कॅपॅसिटर हवाच, आणि नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या कंट्रोलरकडे हवी. एक कंट्रोलर बंद पडून दुसरी प्रत ठेवायला जागाच उरली नाही, तर नोंद थेट फ्लॅशवर उतरवावी आणि मगच पोच द्यावी. वेग घटेल? घटू दे की!

जाहिरातीत मायक्रोसेकंद मिरवतात. खरेदी करणाऱ्यांनी निविदेत वेगाच्या शेजारी आणखी एक रकाना घालावा: पोच नेमकी कधी देता? आणि पैसे मोजण्याआधी, लिहिणं चालू असताना वीज तोडून एकदा नोंदी ताडून पाहाव्यात.