कोयता चालू, गोळी बंद – असे नको!

दसरा-दिवाळी उरकली की बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं असा सारा संसार ट्रॉलीत चढतो. पाच-सहा महिन्यांचे बिऱ्हाड. पीठ-मीठ बांधताना कुणी काही विसरत नाही. पण टोळीत एखादा असा असतो, की त्याचे एक पुडके घरीच राहते, नाही तर निम्म्या हंगामात संपते. ते पुडके असते एचआयव्हीच्या गोळ्यांचे.

वाचकहो, या पानावर उसाच्या दराची चर्चा आपण नेहमी करतो. आज उसाला कोयता लावणाऱ्या हाताविषयी बोलू. विषय चारचौघांत काढायचा नसतो म्हणतात. पण झाकून ठेवलेले दुखणे बरे होत नाही.

आधी एक जुनी समजूत काढून टाका. एचआयव्ही म्हणजे मरण, हे दिवस गेले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे द्यायला सुरुवात केली. त्या काळी ती मोजक्या मोठ्या रुग्णालयांत, आणि रक्तातल्या पेशी बऱ्याच घटल्यावरच मिळत. २०१७ मध्ये धोरण बदलले. लागण आढळली की पेशी कितीही असोत, उपचार सुरू करायचे. आता बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर विषाणू इतका दबतो, की रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. असा माणूस काम करतो, लेकरं वाढवतो आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण देत नाही.

मग घोडे अडते कुठे? गोळी फुकट आहे हो, पण गोळीपर्यंतची वाट फुकट नाही. फडातून एआरटी केंद्रावर जायचे म्हणजे दिवसाचा खाडा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एक गेला की दुसऱ्याचेही काम अडते. मुकादमाची उचल डोक्यावर असतेच. त्यात, 'कुठं चाललास?' म्हणून विचारले तर काय सांगायचे? एस.टी.च्या साध्या गाडीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. पण कार्ड कंडक्टरला दाखवायचे आणि शेजारच्या बाकावर गावचाच माणूस! सवलत राहू दे, पण चार लोकांत नाव नको, असे म्हणून माणूस तिकीट काढतो, नाही तर जायचेच टाळतो.

गोळी थांबली तरी लगेच काही होत नाही, खरा धोका इथेच आहे. मोळी उचलते, ऊस तुटतो. 'बरा हाय की मी,' असे वाटते. आत मात्र दबलेला विषाणू काही आठवड्यांत पुन्हा वाढू लागतो. पेशी घटतात, क्षयरोगाला वाट मिळते. खंड वारंवार पडला तर चालू असलेली गोळी लागू पडेनाशी होण्याची भीती असते.

म्हणून टोळी निघण्याआधी केंद्रावर जा आणि कुठे, किती दिवसांसाठी जाणार ते सांगा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम मिळू शकतात. उपचाराचे पुस्तक जवळ ठेवा. ते दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावरही गोळ्या घेता येतात. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्या, पण दोन एकदम घेऊ नका. महिना-दोन महिने खंड पडला असला तरी परत जा. बोलणी बसतील म्हणून घरी बसू नका. शंका असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे, नाव सांगावे लागत नाही.

ही जबाबदारी एकट्या रुग्णाची मात्र नाही. दवाखान्यासाठी एखादा दिवस मागितला तर मुकादमाने कारण विचारू नये आणि पैसे कापू नयेत. हंगामात कारखान्यांनी महिन्यातून एकदा फडावरून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत गाडी सोडावी. बाळंतीण, तापाचा रुग्ण, कोयता लागलेला, सगळे एकाच गाडीत बसले की कोण कशासाठी चालला हे कुणाला कळत नाही. केंद्रांनीही दसऱ्यापूर्वीच आपल्या ऊसतोड रुग्णांना फोन करून बोलावून घ्यावे. हंगाम अचानक येत नाही, तो दरसाल त्याच सुमारास येतो.

कायदाही पाठीशी आहे. २०१७ साली संसदेने केलेला एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करणे, केवळ त्या कारणाने कामावरून काढणे त्यात निषिद्ध आहे. पण कायदा कागदावर असतो आणि कुजबुज पारावर. ती पारावरची कुजबुज थांबवणे आपल्याच हाती आहे. उद्या एस.टी.त कुणी कंडक्टरला हळूच कार्ड दाखवताना दिसला, तर मान वळवून खिडकीबाहेर बघा. गावात येऊन त्याचे नाव कुणाजवळ काढू नका. एवढे झाले तरी पुढच्या महिन्यात तो पुन्हा त्या गाडीत बसेल.