घर आपल्या हाताने लावावे

नव्या बिऱ्हाडी गेल्यावर घरातील जाणती बाई पहिल्याच दिवशी भिंती रंगवायला काढीत नाही. पाणी कोठे ठेवायचे, मिठाची बरणी कोणत्या फळीवर, देवांचा कोनाडा कोणता, एवढे ती आधी ठरविते. उरलेले घर महिना-दोन महिन्यांत हाताला वळण पडेल तसतसे लागत जाते. संगणकाच्या पडद्याचेही असेच आहे. हे आम्हांला मात्र पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही थोडी फजिती झाल्यावर कळले.

प्रसंग शाळेतला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नित्याचा आधार थांबला. पुढची आवृत्ती चालविण्यास लागणारी सामग्री आमच्या शाळेतील चारही जुन्या संगणकांत नव्हती. ‘मोडीत काढा,’ असा सल्ला मिळाला. परंतु चालते यंत्र केवळ जुने झाले म्हणून भंगारात घालावे, हे काही आमच्या मनाला पटेना. चार गेले म्हणजे पुन्हा चार केव्हा येतील याचा भरवसा नव्हता, आणि तोवर मुलांनी संगणक पुस्तकातील चित्रातच पाहायचा! अखेर आम्ही त्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि तिच्या जोडीला एक्सएफसीई बसवून घेतले. दोन्हींना मोल पडत नाही.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पडद्यावर दिसणारी पट्टी, खिडक्या, चिन्हे, कागदपत्रे ठेवण्याचे कप्पे या साऱ्या मांडणीला मिळून ‘डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट’ म्हणतात. विंडोजमध्ये ती प्रणालीबरोबर ठरूनच येते. लिनक्समध्ये घर एक आणि आतली मांडणी दुसरी, असा प्रकार आहे. केडीई, नोम, एक्सएफसीई अशा अनेक मांडण्यांतून आपण निवड करावयाची. एक्सएफसीईचा आरंभ ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी १९९६ साली केला. तेव्हा ती एक साधी पट्टीच होती. पुढे तिचा संसार वाढला. तिचे बोधचिन्ह उंदीर आहे. अंगाने लहान, खाणे थोडे आणि कामाला चपळ, हा गुण तिने राखला आहे. जुन्या यंत्रांसाठी तिची निवड पुष्कळ जण करतात ती याचमुळे.

आता फजितीची कथा. येथे सर्व काही बदलता येते असे आम्ही ऐकले होते, आणि बदलता येते म्हणजे बदललेच पाहिजे असा आमचा समज झाला. एका दुपारी आम्ही रंग पालटले, चिन्हे पालटली, पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या, आणि त्या भरात वरची पट्टीच काढून टाकली. कार्यक्रमांची यादी, घड्याळ, उघड्या खिडक्यांची नावे सारे त्या पट्टीसवे गेले. मुख्याध्यापक रिकाम्या पडद्यापुढे हात बांधून बसलेले, आणि दारात आठवीचा वर्ग उभा!

त्यांतील एक मुलगी धीटपणे पुढे आली. ‘‘सर, मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबून बघू काय?’’ तिने बटण दाबले. पडद्यावर जी यादी उघडली तिच्या तळाशी सर्व कार्यक्रम जागच्या जागी होते. पट्टी गेली होती, घर शाबूत होते. त्या दिवशी शिकणारे आम्ही होतो आणि शिकविणारी ती.

त्या अनुभवातून आम्ही स्वतःपुरते काही नियम केले आहेत. नवशिक्या वाचकांना ते उपयोगी पडतील.

पहिला नियम असा, की परतीची वाट आधी पाहून ठेवावी. ‘पॅनेल प्रोफाइल्स’ नावाचे एक छोटे साधन आहे. त्यात पट्ट्यांची चालू मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते, आणि बिघडली तर एका टिचकीसरशी परत आणता येते. ज्यांना प्रणाली बसविण्याचेच भय वाटते त्यांनी ती प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. अशा वेळी यंत्रातील जुन्या कामाला धक्का लागत नाही.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल करावा आणि चार दिवस त्यासह काम करून पाहावे. चार बदल एकदम केले तर त्रास कशाचा हे उमगत नाही. औषध देणारा वैद्यही हेच सांगेल.

तिसरा, शोभेआधी सोय. ‘अपिअरन्स’ या कप्प्यात अक्षरांचा आकार वाढविता येतो. चष्म्याच्या वयात पहिला बदल हाच करावा. यंत्र अडखळत असेल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन ‘कंपोझिटर’ बंद करावा. खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता जातात, पण जुन्या यंत्राच्या जिवाला विसावा मिळतो.

चौथी गोष्ट नियमाहून मोठी आहे. आमच्या सीमाभागातील मराठी शाळेतल्या मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा लिहाव्या लागतात. ‘कीबोर्ड’ या कप्प्यातील ‘लेआउट’ या पानावर प्रणालीची ठरलेली मांडणी वापरण्याची खूण काढली, की आपल्याला हव्या त्या मांडण्या जोडता येतात. एकीवरून दुसरीवर जाण्यासाठी एक कळही नेमता येते. चालू भाषा कोणती हे दाखविणारे छोटे चिन्ह पट्टीवर बसविता येते. आम्ही तिन्ही जोडल्या. देवनागरी आणि कन्नड या दोहोंसाठी इन्स्क्रिप्ट पद्धत घेतली. भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या या पद्धतीचे मर्म असे, की लिपी कोणतीही असो, एका ध्वनीची कळ सहसा एकच असते. मराठीतला ‘ळ’ ज्या कळीवर, कन्नडातलाही त्याच कळीवर.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने आपल्या गावाचे नाव मराठीत लिहिले, ‘बेळगाव’. मग कळ बदलून कन्नडात लिहिले, ‘बेळगावी’. पडद्यावर लिपी दुसरी उमटली, स्वरांची खूण थोडी वेगळी पडली. परंतु ब, ळ, ग, व या चारही व्यंजनांसाठी तिची बोटे त्याच चार कळांवर, त्याच क्रमाने गेली. तिने दोन्ही नावे एकाखाली एक ठेवून आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. गावाच्या नावावरून थोरांनी किती वाद घातले हे आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. मुलीच्या बोटांना तो वाद ठाऊकच नव्हता.

आता चारही संगणक चालत आहेत. पार्श्वभूमीला साधा निळा रंग, खाली मोजकी सहा चिन्हे, आणि वरच्या कोपऱ्यात भाषेचे चिन्ह. कोणी पाहुणा आला तर त्याला यात विशेष काही दिसणार नाही. चांगल्या लागलेल्या घराचेही असेच असते. पाहुण्याला ते साधे दिसते, आणि घरच्या माणसाचा हात मात्र अंधारातही नेमका मिठाच्या बरणीवर पडतो.