एकच ठिपका म्हणजे शुद्धता नव्हे

हळदीची पूड घेताना आपल्या गृहिणी तिचा रंग पाहतात, वास घेतात आणि चिमूटभर तळहातावर चोळून डाग कसा पडतो तेही पाहतात. या कसोट्या अनुभवातून आलेल्या आहेत आणि त्या टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पिवळा तो पिवळाच दिसतो. तो हळकुंडाचा आहे की कारखान्यात तयार झालेल्या मेटॅनिल यलो नावाच्या रंगाचा, हे डोळ्यास सांगता येत नाही. हा रंग खाद्यपदार्थांत घालण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे, तरी हळदीच्या भेसळीत त्याचे नाव वारंवार येते. तेव्हा एकमेकांत मिसळलेले दोन पिवळे रंग वेगळे कसे करावेत, हा प्रश्न जितका प्रयोगशाळेचा तितकाच स्वयंपाकघराचाही आहे.

शहापूरच्या वाचकांस रंगांची ओळख आम्ही करून द्यावयास नको. हे हातमागाचे गाव. सुताचा कोणता रंग धुण्यात टिकतो आणि कोणता पाण्यात उतरतो, हे येथील विणकरास चांगले ठाऊक असते. हळदीशीही आपला संबंध जुना आहे. ज्या सांगलीच्या हळदीस 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच सांगलीच्या संस्थानात 1948 सालापर्यंत आपले शहापूर होते.

मिसळलेले पदार्थ वेगळे करण्याच्या ज्या युक्तीविषयी आज लिहावयाचे आहे तिला ‘वर्णलेखन’ म्हणतात. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1903 साली वॉर्सा येथे ती प्रथम मांडली. हिरव्या पानांचा अर्क त्याने खडूसारख्या पुडीने भरलेल्या नळीतून खाली उतरविला, तेव्हा एकाच हिरव्या अर्काचे हिरवे आणि पिवळे असे निरनिराळे पट्टे झाले. पुढे इंग्लंडातील लीड्स येथे लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत मार्टिन आणि सिंज या दोघांनी 1941 साली या विद्येस नवे वळण दिले. त्याबद्दल त्यांस 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले. नळीऐवजी काचेच्या पट्टीवर पातळ थर पसरून हेच काम करण्याची रीत खारकोव्हच्या इझमायलोव्ह आणि श्रायबर यांनी 1938 साली दाखविली. जर्मनीच्या एगॉन स्टाल यांनी 1950 नंतरच्या दशकात तिला शिस्त लावली. त्यानंतर ही पातळ थराची पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली.

तिचे मर्म कळण्यास घरातील एक प्रयोग पुरेसा आहे. टीपकागदाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येकीवर तळापासून दोन बोटे उंचीवर पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या रेघेवर काळ्या स्केचपेनचा एक व बॉलपेनचा एक असे दोन ठिपके द्यावेत. रेघ पेन्सिलीचीच हवी, कारण शाईची रेघ स्वतःच धावू लागेल. पहिल्या पट्टीचे टोक पाण्यात धरावे, मात्र ठिपके पाण्याच्या वर राहू द्यावेत. पाणी कागदातून वर चढू लागते तशी स्केचपेनची काळी शाई सहसा फुटून तिच्यात दडलेले निरनिराळे रंग दिसू लागतात. बॉलपेनचा ठिपका मात्र जागचा हलत नाही. आता दुसरी पट्टी जखमा पुसण्याच्या स्पिरिटमध्ये धरावी. हे काम वडील माणसाने, चुलीपासून दूर करावे. स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाईही वर निघते. दोन्ही वेळा कागद तोच आणि शाई तीच होती. केवळ द्रव बदलला आणि उत्तर बदलले.

प्रयोगशाळेत कागदाच्या जागी काचेवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा थर असतो. सिलिका म्हणजे आपल्या वाळूचीच बहीण. सिलिका प्रत्येक पदार्थास धरून ठेवू पाहते आणि वर चढणारा द्रव त्याला सोबत नेऊ पाहतो. या ओढाताणीत जो पदार्थ सिलिकेस घट्ट चिकटतो तो मागे राहतो आणि ज्यास द्रव अधिक मानवतो तो पुढे जातो. ठिपका किती चढला यास द्रव किती चढला याने भागले की जो अंक मिळतो त्यास ‘आर-एफ’ म्हणतात. द्रव 10 सेंटिमीटर चढला आणि ठिपका 4 सेंटिमीटर, तर आर-एफ 0.4 झाला. रंगहीन पदार्थांचे ठिपके अतिनील प्रकाशात किंवा आयोडिनच्या वाफेत दिसतात.

पदार्थास वाहून नेणाऱ्या या द्रवास द्रावक म्हणतात आणि तो निवडण्यातच संशोधकाची खरी परीक्षा असते. सिलिकेवरील पदार्थ पुढे नेण्याच्या बळानुसार द्रावकांची एक शिडी मांडता येते. सर्वांत खाली हेक्झेन, मग टोल्युइन, क्लोरोफॉर्म, इथिल ॲसिटेट, ॲसिटोन आणि वरच्या पायऱ्यांवर इथेनॉल व मिथेनॉल. अशी शिडी ट्राप्पे यांनी 1940 सालीच मांडली होती.

आता भेसळीची हळद घेऊ. तिचा अर्क पट्टीवर लावून केवळ हेक्झेन चढविले, तर हळदीचे रंगद्रव्य जागचे हलत नाही आणि मेटॅनिल यलोही हलत नाही. तळाशी एकच पिवळा ठिपका दिसतो. उलट केवळ मिथेनॉल चढविले, तर दोन्ही रंग त्याच्यासोबत माथ्याकडे धावतात आणि वरच्या बाजूस पुन्हा एकच पिवळा पुंजका दिसतो. पाहणारा म्हणेल की ठिपका एकच आहे, म्हणजे माल शुद्ध! परंतु 95 भाग क्लोरोफॉर्म आणि 5 भाग मिथेनॉल असे मिश्रण घेतले की खरी गोष्ट उघड होते. हळदीतून तीन पिवळे ठिपके निघतात. सर्वांत वर कर्क्युमिन आणि त्याखाली त्याची दोन भावंडे. मेटॅनिल यलो मात्र तळाशीच अडून राहतो. म्हणजे शुद्ध हळदीनेच एकाऐवजी तीन ठिपके द्यावयास हवेत, आणि एकच ठिपका दाखविणारी ती पहिली दोन उत्तरे हळदीविषयी काहीच सांगत नव्हती. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

म्हणून कामाचा क्रम असा असतो. प्रथम हलके मिश्रण घ्यावे. ठिपके तळाशी राहिले तर द्रावकाचे बळ वाढवावे, माथ्याशी गेले तर कमी करावे आणि आर-एफ 0.2 ते 0.8 च्या दरम्यान आणावा. तेथेही दोन ठिपके एकमेकांवर चढत असतील तर बळ न बदलता द्रावकाची जात बदलून पाहावी, कारण सारख्या बळाचे दोन द्रावक दोन पदार्थांशी निरनिराळे वागू शकतात. ठिपक्यास शेपूट फुटत असेल तर त्याचेही कारण शोधावे. आपल्या निपाणीच्या तंबाखूतील निकोटीन अल्कधर्मी आहे आणि सिलिका किंचित आम्ल, म्हणून ते पट्टीवर ओघळत जाते. द्रावकात थोडा अमोनिया घातला की ठिपका गोल बसतो. हळदीच्या रंगद्रव्यासाठी याच्या उलट, थोडे ॲसेटिक आम्ल घालतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल वहीत टिपावा. त्याच पट्टीवर ज्ञात शुद्ध नमुना शेजारी लावावा. पट्टी वापरण्यापूर्वी तापवून कोरडी करावी. सिलिका हवेतील ओल शोषते, त्यामुळे बेळगावच्या पावसाळ्यातील पट्टी आणि उन्हाळ्यातील पट्टी सारखे उत्तर देतीलच असे नाही. आणि एका द्रावकाच्या उत्तरावर कधीही थांबू नये. एकट्या साक्षीदारावर निकाल देऊ नये हा न्याय आमच्या वाचकांस जुना आणि परिचित आहे. प्रयोगशाळेतही तो तसाच चालतो.

या रीतीलाही मर्यादा आहे. बांगलादेशातील हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांस शिशाचे क्रोमेट चोळले जात होते, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. हा पदार्थ वर सांगितलेल्या द्रावकांत विरघळतच नाही. तेव्हा पट्टीवरील तीन सुरेख ठिपके पाहून कोणी निश्चिंत झाला, तर मुलांच्या मेंदूस बाधणारे शिसे तसेच त्यांच्या ताटात जाईल. शिशासाठी धातूची वेगळी तपासणी करावी लागते. जे द्रावकात उतरत नाही त्याविषयी द्रावक मुका असतो.

वाचकहो, क्लोरोफॉर्म हा घरी हाताळण्याचा पदार्थ नव्हे. प्रयोगशाळेतही तो धुराड्याखाली वापरतात आणि आता शक्य तेथे कमी घातक द्रावक शोधतात. घरी टीपकागदाचा खेळ पुरे. बाजारात मात्र अतिपिवळ्या, चकचकीत हळकुंडांच्या मोहात पडू नये आणि सुटी पूड घेताना विक्रेता ओळखीचा असावा. आपली मुलेमुली बेळगावात रसायनशास्त्र वा औषधनिर्माणशास्त्र शिकत असतील, तर एवढे एक त्यांच्या मनावर ठसवावे. कोणी ‘एकच ठिपका आला, माल शुद्ध आहे’ असा अहवाल पुढे ठेवला, तर सही करण्यापूर्वी विचारावे की कोणत्या द्रावकात, किती द्रावकांत आणि शेजारी कोणता नमुना ठेवून. त्या सहीच्या भरवशावर कोणाच्या तरी घरी मुलांसाठी दुधात हळद घातली जाणार असते.